समीनाचा पेपर

९ जुलै २०१७, रविवार

समीनाले अठ्ठ्याहत्तर, मले एकसष्ट. तिसऱ्या सत्राचा निकाल सकाळी फोनवर आला आणि दिवसभर मी घरात कोणाशी नीट बोलली नाही.

लोकप्रशासनाची मास्टर डिग्री ऑनलाइन करायची, ही कल्पना कोणाची? माझी. दीड वर्षापूर्वी जाहिरात मी पाह्यली, चौकशी मी केली. नोकरी सांभाळून फोनवर लेक्चर पाहायचे, असाइनमेंट पाठवायच्या, परीक्षाही कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची. इतके वर्षं ग्रामसेविका म्हणून गावच्या नळाचे आणि नालीचे भांडणं सोडवले, त्यातच रिटायर व्हायचं नव्हतं मले. समीना त्याच गावाची कृषी सहायक. आम्ही दोघी धाड गावाले राहतो. तिच्या स्कूटीवर मागं बसून मी गावाले जाते, तं एक दिवस रस्त्यात बोलून गेली. फुशारकीच मारली म्हणा. दुसऱ्या दिवशी ही हसत सांगते, "ताई, मी बी फार्म भरला. तुमच्यामुळं."

ते 'तुमच्यामुळं' आता मले किती महाग पडून राह्यलं ते माझं मले माहीत.

ही डायरी मी घरच्या बोलीत लिहिणार. असाइनमेंटमध्ये 'तथापि' आणि 'अनुषंगाने' लिहून बोटं आखडतात. इथं तरी कोणी गुण कापणार नाही.

१७ जुलै

हे एसटीत कंडक्टर आहेत. जेवताना म्हणतात, "तुही समीना आज बुलढान्याच्या गाडीत होती. बसाले जागा नाही, तं दांड्याले धरून उभ्यानं लेक्चर पाहत होती, कानात वायर घालून. तू तं पाय पसरून बी पाहत नाहीस."

मी म्हटलं, "तिच्या मागं सैपाक नाही, पोरगी नाही, सासूचं पथ्य नाही."

"तिच्या मागं तिचे अब्बा आहेत," हे म्हणाले.

ते खरं आहे. बशीरचाचांचं धाडले गादी-रजईचं दुकान होतं. कापूस पिंजण्यात आयुष्य गेलं आणि दोन वर्षांपूर्वी एक बाजू लुळी पडली. समीना त्यांले उठवते, आंघोळ घालते, भरवते, मग कामाले निघते. पण म्हणून माझ्याच नवऱ्यानं माझ्याच ताटावर बसून तिचं कौतुक करावं का? यांले दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही मी. मागितलीही नाही यांनी.

५ ऑगस्ट

आज तलाठी वामनरावांनी बातमी आणली. जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रात गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांतून एक प्रशिक्षक घेणार आहेत. लोकप्रशासनाची मास्टर डिग्री पाहिजे, मार्चअखेरपर्यंत हातात.

"म्हंजे तुमी दोघीच," वामनराव तंबाखू मळत म्हणाले. "जागा एक. लावा आता कुस्ती, आमी पाहाले बसतो."

मी हसली, पण माझ्या डोक्यात लगेच बुलढाण्यातली ती खोली उभी राह्यली. पंखा आहे, फळा आहे, समोर पन्नास ग्रामसेवक वही उघडून बसले आहेत आणि मी बोलून राह्यली. मोटर जळली म्हणून कोणी पहाटे फोन करत नाही.

येताना स्कूटीवर समीना म्हणते, "ताई, तुमीच जा तिथं. तुमाले बोलता येते. चार मानसं समोर दिसले तं मले घाम फुटते."

असं म्हणणारे लोकच पुढं जातात. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२४ ऑगस्ट

समीना सकाळीच म्हणाली, "ताई, बाया जमवून द्या ना. पुरुष मानसं मले ऐकून राह्यले नाहीत." कापसाले गुलाबी अळी लागाची चिन्हं तिले दिसून राह्यली. गडी म्हणतात, बीटीचं बियाणं आहे, बोंडअळी लागतच नाही, एवढ्यासाठीच तं महागाचं घेतलं.

मी दारोदार फिरली, दुपारी देवळापुढं बाया बसवल्या. हिनं पिशवीतून कापसाच्या पऱ्हाटीचे फुलं काढले. पाकळ्या आत वळून मिटलेल्या, गुलाबाच्या कळीवाणी. एकेक फूल उकलून आतली अळी दाखवली, त्याले डोमकळी म्हणतात म्हणाली, असे फुलं दिसले की तोडून जाळा. कामगंध सापळे कसे टांगायचे, मादीच्या वासानं नर पतंग त्यात कसा येऊन पडते, ते सांगितलं. तेव्हा पुढं बसलेली सुभद्राबाई म्हणाली, "बाप्पा, सगळ्या जातीत गडी तसेच," आणि सगळ्या बाया हसून हसून लोळल्या. समीनाही हसली. घाम वगैरे काही फुटला नाही तिले.

बाया जमवल्या मी. निघताना हातात वाळकं न शेंगा दिल्या त्या तिच्या.

१७ सप्टेंबर, रविवार

आज ऑनलाइन सादरीकरण. माझा विषय ग्रामसभेची गणपूर्ती, तिचा बोंडअळी आणि गावपातळीवरचं प्रशासन. मी चार दिवस शुद्ध बोलायची प्रॅक्टिस केली होती. तरी मध्येच तोंडातून 'लोकांले' निघून गेलं. पुण्याकडचा एक विद्यार्थी हसला. माईक बंद करायचा राह्यला होता त्याचा. पुढचं सगळं मी विसरली.

समीना बोलली तं प्राध्यापक मॅडम म्हणाल्या, "वा, हे खरं क्षेत्रकार्य." काऊन नाही म्हणणार, गावातल्या समित्यांची सगळी माहिती मीच दिली होती तिले. शेवटी तिनं माझं नाव घेतलं. "आमच्या ग्रामसेविका कोकिळाताई नसत्या तर हे काम उभंच राहिलं नसतं." आणि त्या हसणाऱ्या पोराचं नाव घेऊन म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या भागात आलात तर लोकांले कसं विचारायचं, ते ताईंकडून शिका." 'लोकांले'वर जोर देऊन म्हणाली.

म्हणजे ज्यांच्या ध्यानात नव्हतं त्यांच्याही ध्यानात आणून दिलं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली, पण गावात कोणाच्या तोंडावर दिसली नाही. हिरवं बोंड फोडलं की आत अळी. जे फुटलं त्यातला कापूस पिवळा, बोंडाले चिकटलेला. वेचाले बाया येत नाहीत, कारण दिवसभर वेचून ओटी भरत नाही. सुभद्राबाईनं मजुरांचा नाद सोडला, एकटीच वेचते. नवरा पंजाबराव बांधावर बसून पाहते, उठत नाही.

समीना वावरात गेली तं लोकांनी घेरलं तिले. बियाणं विकाले दुकानदार, पैसे घ्याले कंपनी, आणि शिव्या खाले ही. एक जण तं म्हणाला, "सापळे टांगाले आली होती ना, आता तेच टांग आमच्या गळ्यात." हिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. उलट बोलली नाही की तिथून निघून गेली नाही.

मी लांबून पाहत होती. थोडंसं बरं वाटलं मले. लिहून ठेवते, कोणाले सांगणार आहे?

११ डिसेंबर, सोमवार

पंचनाम्याचे आदेश आले. प्रत्येक वावरात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघांनी एकत्र उभं राह्यचं, तिघांच्या सह्या. एक जण नसला तं पंचनामा धरत नाहीत. आणि पऱ्हाटी वावरात उभी पाहिजे. ज्यांनी आधीच नांगर घातला त्यांचं काहीच धरलं जाणार नाही. सुभद्राबाईनं उभी ठेवली आहे, पण तिले त्याच वावरात हरभरा पेरायचा आहे आणि विहिरीले पाणी असेपर्यंतच पेरता येईल.

यातच आमची शेवटच्या सत्राची परीक्षा. दिवस आपला आपण निवडायचा. माझा मुख्य पेपर येत्या रविवारी, समीनाचा त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी. एकदा निवडला की बदलत नाही.

वामनरावांनी फोन केला. "मॅडम, खालच्या शिवाराचे पंचनामे पुढच्या मंगळवारी घेऊ का बुधवारी? मले दोनी दिवस चालते."

मी म्हटलं, मंगळवारी घ्या.

संध्याकाळी समीना म्हणाली, "ताई, वामनरावांले सांगा ना बुधवार करा म्हनून. माहा पेपर आहे." मी म्हटलं, "सांगून पाह्यलं, ते नाही ऐकत." लगेच मानलं तिनं. माझ्याबद्दल तिले शंका कशी येत नाही, हेही मले आवडत नाही.

१७ डिसेंबर, रविवार

माझा पेपर झाला. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बसून दिला, तिथं नेट चांगलं आहे. नियम लय कडक. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत एकटंच बसायचं, आजूबाजूले पाहायचं नाही. दुसरं माणूस कॅमेऱ्यात दिसलं की पेपर तिथंच बंद.

समीना सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आली होती. पेपर सुरू होण्याआधी मले म्हणाली, "तुमी बिनधास्त लिहा," आणि बाहेरच्या पायरीवर बसून राह्यली. दाखल्यासाठी आलेल्या दोघा-तिघांले तिनं परत पाठवल्याचं आतून ऐकू येत होतं. एका म्हाताऱ्याशी तं भांडली.

पेपर बरा गेला. दोन प्रश्न जमले नाहीत. बाहेर आली तं म्हणते, "झालं ना ताई, आता तुमी डिग्रीवाल्या." मी हो म्हटलं. तिच्या पेपरच्या वेळेस पायरीवर मी बसेन, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

समीनाचा पेपर बंद पडला.

सकाळपासून पंचनामे चालू होते. सुभद्राबाईचं वावर शेवटचं, तिथं पोचेपर्यंत पेपरची वेळ झाली. समीना म्हणाली, "मी ऑफिसात जाऊन येते, मग सही करते." तं पंजाबराव कधी नाही ते उठून उभा राह्यला. म्हणे, उद्या सकाळी ट्रॅक्टर सांगितला आहे, आज तुमी गेल्या तं मंग कोन येते. सुभद्राबाई नुसती पाहत राह्यली. समीनानं फोनची रेंज पाह्यली, बांधावरच्या निंबाखाली दोन काड्या होत्या. "इथंच देते," म्हणाली. झाडाच्या खोडाले फोन टेकवला आणि मातीत मांडी घालून बसली. मले म्हणाली, "ताई, कोनाले इकडं येऊ देऊ नका."

मी कोणाले येऊ दिलं नाही. वामनराव तिकडं मोजमाप करत होते, लोकांले मी वावराच्या पल्याड उभं केलं. बराच वेळ सगळं बरं चाललं होतं.

मग सुभद्राबाई घरून चहा घेऊन आली. वावरात आलेल्या सरकारी माणसाले बिना चहाचं जाऊ देत नाहीत हे लोक, घरात काही असो नसो. कप माझ्या हातात दिला. "त्या पोरीले द्या मॅडम, सकाळपासून उपाशी आहे. थंडा होते." मी कप घेऊन गेली. तिच्या मागून गेली, खाली वाकली, फोनमधून टुण्ण आवाज आला आणि स्क्रीन लाल झाली.

माझ्या ध्यानात राह्यलं नाही. दिवसभराचं ऊन, डोकं चालत नव्हतं. चहा थंडा होऊन राह्यला होता.

तिनं लाल स्क्रीनकडं पाह्यलं. कप घेतला माझ्या हातातून. चहा पिली. मग उठून सुभद्राबाईच्या पंचनाम्यावर सही केली.

२१ डिसेंबर

समीनाच्या नावापुढं 'गैरप्रकार, निकाल राखीव' असं आलं आहे. अर्ज करता येते म्हणे, समितीपुढं.

हे म्हणाले, "लय वाईट झालं पोरीचं." मी हो म्हटलं. मले खरंच वाईट वाटलं. आणि त्याच वेळी बुलढाण्यातली ती पंख्याची खोलीही दिसली.

२२ डिसेंबर

कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही, ती मंगळवारी लिहिली नव्हती.

मी कप घेऊन निघाली तेव्हा, वळसा घालून तिच्या मागं जायच्या आधी, समीनाचं तोंड माझ्याकडं होतं. तिनं मान न हलवता हात उचलला होता, तळवा माझ्याकडं करून. थांबा म्हणून. तो हात मले दिसला होता. त्याच्याआधीही मी तिच्याकडंच पाहत होती. उघड्या वावरात, मातीत बसून ती लिहीत होती आणि गालातल्या गालात हसत होती. प्रश्न ओळखीचे आले की माणूस हसते तसं. माझे दोन प्रश्न राह्यले होते आणि हिचा एकही राहत नव्हता.

चहा थंडा होत होता हेही खरं आहे.

१४ जानेवारी २०१८, संक्रांत

माझा निकाल आला. पहिला वर्ग. आधीच्या तीन सत्रांच्या गुणांत समीनाच्या मागंच आहे मी, पण तिचा निकाल नाही म्हणजे मीच एकटी. हे पेढे घेऊन आले, सासूनं शेजारी वाटले. वामनराव म्हणाले, "कुस्ती न लढताच जितल्या मॅडम."

समीना तिळगूळ घेऊन घरी आली. दरवर्षी येते. अभिनंदन केलं, माझ्या पोरीले जवळ घेतलं, बशीरचाचांचा सलाम सांगितला. मग म्हणाली, "ताई, एक काम होतं. समितीनं व्हिडिओवर सुनावनी ठेवली. कॅमेऱ्यात नुसता कपाचा हात दिसते, तं पेपरात कोन आलं होतं ते विचारतात. मी लिहिलं, गावातली एक बाई चहा घेऊन आली, मले ओळख नाही. तं म्हनतात त्या बाईले समोर आना. सुभद्राबाई तयार आहे, ती म्हनते मीच गेली होती म्हनून सांगतो. तेवढं तुमच्या ऑफिसात बसून करू द्या."

मी म्हटलं, "माझं नाव काऊन नाही लिहिलं तू?"

"तुमी त्याच कोर्सच्या आहात ना ताई. ते म्हनतील उत्तरं सांगाले आली. तुमचा बी निकाल जाईन."

म्हणजे मले वाचवून राह्यली. पेढ्याचा डबा पुढं केला मी, तिनं एक घेतला. माझ्या अंगाची कशी लाही लाही झाली ते मले सांगता येत नाही. गुणांत पुढं, कामात पुढं, आता चांगुलपणातही हीच पुढं. मले कुठंच जागा ठेवायची नाही का हिले?

२४ जानेवारी, बुधवार

आज सुनावणी झाली.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरपुढं तीन खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीत समीना, तिच्या एका बाजूले सुभद्राबाई नवं लुगडं नेसून. दुसऱ्या खुर्चीवर मी बसली नाही, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी भिंतीले उभी राह्यली. स्क्रीनवर एक साहेब आणि दोन बाया. साहेबांनी सुभद्राबाईचं नाव विचारलं तं तिनं नाव सांगून लगेच सुरू केलं, "साहेब, पंचनामा झाला पन अजून काई आलं नाही. हरभरा पेरला तं त्याले बी आता पानी पुरून नाही राह्यलं." साहेब म्हणाले, ते आमच्याकडे नाही. सुभद्राबाई म्हणाली, "सगळेच तसं म्हनतात."

मग चहाचं विचारलं. ती बरोबर बोलली. मीच नेला, पोरगी उपाशी होती, मले पेपरचं काय समजते. साहेब मान हलवत होते.

शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. आता हेच एकदा शपथेवर सांगा. सांगते ते खरं आहे, अशी शपथ घ्या."

सुभद्राबाईनं पदर नीट केला. समीनानं तिच्या हातावर हात ठेवला.

"शपथ नाही घेत मी," ती म्हणाली. "या पोरीसाठी पाहिजे तेवढं खोटं बोलतो साहेब, तिनं माहं वावर सोडलं नाही. पन शपथ घेऊन नाही. माह्या घरात लेकरंबाळं आहेत."

स्क्रीनवरच्या एका बाईनं तोंडाले रुमाल लावला. साहेब हसले नाहीत. "म्हणजे या नव्हत्या. मग कोण होतं?"

"सर, मला माहीत नाही," समीना म्हणाली. "मी पेपरकडे बघत होते." शुद्ध, एक अक्षर न चुकता.

साहेब म्हणाले, मग आम्ही काही करू शकत नाही.

आता मी चांगली म्हणून बोलली असं कोणी समजू नये. मी तरी समजत नाही. या पोरीनं माझ्यासाठी दोन वर्षांचं पाणी करायचं आणि मी बुलढाण्याच्या पंख्याखाली बसून जन्मभर तिचं देणं वागवायचं, ते माझ्यानं होणार नव्हतं. तिच्यापुढं आणखी खाली जायचं नव्हतं मले. मी रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

"मी होती," म्हटलं. नाव सांगितलं, कोर्स सांगितला, रोल नंबर सांगितला. "हिनं हात करून मले थांब म्हटलं होतं. मले दिसलं होतं."

"मग तुम्ही का गेलात?"

शुद्ध भाषेत काही सुचलं नाही. "ती माझ्याहून चांगलं लिहून राह्यली होती," म्हटलं.

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. सुभद्राबाई माझ्याकडं असं पाहत होती की अजून डोळ्यापुढून जात नाही. समीना स्क्रीनकडंच पाहत होती.

सुनावणी संपल्यावर तिनं सुभद्राबाईले स्कूटीवर बसवलं आणि घेऊन गेली. मी जीपनं धाडले आली.

३० जानेवारी

मेल आली. समीनाले तो पेपर परत देता येईल, फेब्रुवारीत. माझं चौथं सत्र पूर्ण रद्द. पुढच्या डिसेंबरात सगळे पेपर पुन्हा.

यांले सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "खरं सांगितलं ते चांगलं केलं," म्हणाले. थोड्या वेळानं, "पन तू गेली काऊन होती?" मी ताट उचलून आत गेली. सासूनं शेजाऱ्यांले काय सांगायचं ते विचारलं, तं मी भांडे घासाले बसली.

१९ फेब्रुवारी

समीनाचा पेपर झाला म्हणून वामनरावांकडून समजलं. महिनाभर मी जीपनं जाते. तिची स्कूटी रस्त्यात दिसते, हात करते ती, थांबत नाही. कामाचं तेवढं बोलते. रागावून बोलते असंही नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तं मले सोपं गेलं असतं.

१२ मार्च, सोमवार

समीनाचा निकाल लागला आणि तिले ती जागा मिळाली. उद्यापासून बुलढाणा.

दुपारी ऑफिसात आली. कामगंध सापळ्यांची पेटी पुढच्या माणसासाठी माझ्याकडं ठेवायची होती तिले. पेटी कोपऱ्यात ठेवली, हात झटकले. मी चहा सांगू का म्हणून विचारणार होती, विचारलं नाही. मीच म्हटलं, "समीना, मले माफ कर."

ती खुर्चीवर बसली. लय दिवसांनी समोर बसली होती.

"मी हात दाखवला तवा तुमी माह्याकडंच पाहत होत्या ताई," म्हणाली. "मले त्याच टायमाले समजलं."

"मग तू घरी आली, तिळगूळ दिला, सुभद्राबाईले तयार केलं..."

"हाव."

"काऊन?"

"मले या अभ्यासात कोन होतं दुसरं? घरी अब्बांशी किती बोलू? डोक्यात काई आलं तं तुमालेच सांगत होती ना, स्कूटीवर." तिनं ओढणी सारखी केली. "मी ठरवलं होतं, मले हे माहीतच नाही असं राहाचं. सुभद्राबाईनं सांगितलं असतं, माहा पेपर झाला असता, तुमचा निकाल राह्यला असता. तुमी कदी बोलल्या नसत्या, मी बी नसती बोलली. हळूहळू मले बी खरंच वाटलं असतं की तुमाले हात दिसला नाही. तुमी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आता मी काय करू? आता मले माहीत नसल्यासारखं राहता येत नाही."

मी म्हटलं, "खरं बोलली तेही चुकलं का माझं?"

"नाही. माहा पेपर तुमच्यामुळंच झाला," ती म्हणाली, आणि या वेळेस ती हसली नाही. "पन तुमी माह्यासाठी बोलल्या नाही ताई. मी बाजूलेच बसली होती, तुमचा आवाज ऐकला मी."

ती गेल्यावर मी सापळ्यांची पेटी कपाटावर ठेवली. डिसेंबरात परत पेपर द्यायचे आहेत, अभ्यास काढायचा आहे, पण पुस्तक उघडलं नाही. नोकरीबद्दल आता काही वाटत नाही, ती बुलढाण्याची खोली तिचीच होती. पण ज्या माणसानं आपले पाय ओढले त्याच्या घरी सणाले जाऊन त्याच्या पोरीले जवळ घ्यायचं, आणि ते मनापासून घ्यायचं, हे तिले जमलं. मले या जन्मी जमणार नाही. आज मले तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.